बाळूंचा स्कोअरकार्ड

टॉस व्हायच्या आधीच आज मोबाइल सांगतो, कोण किती टक्के जिंकणार. बाळू पालवणकरांच्या काळात हे भाकीत माणसाचा रंग आणि जात बघून व्हायचं.

जन्म 1876 चा. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर पिच सांभाळायचे, नेटमध्ये बोलिंग टाकायचे. तिथल्या हिंदू टीमने त्यांना घेतलं खरं. पण ‘अस्पृश्य’ म्हणून चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात!

मग आला फेब्रुवारी 1906. बॉम्बे जिमखान्यावर गोऱ्यांचंच पारडं जड, असं धरून चाललेलं. स्कोअर बघा : हिंदू 242 आणि 160, युरोपियन 191 आणि 102. हिंदू 109 रन्सनी जिंकले.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात टीम 23 पैकी 15 मॅचेस हरली. एकट्या बाळूंच्या विकेट्स? 114!

तरी हिंदू टीमची कॅप्टन्सी त्यांना मिळालीच नाही. ती 1923 मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आली.

1937 ला भायखळा-परळमधून ते निवडणुकीला उभे राहिले. समोर डॉ. आंबेडकर. मतं 13,245 विरुद्ध 11,225, बाळू हरले. 1955 मध्ये ते गेले.

मतं मोजून झालेली ही हार होती. कॅप्टन निवडताना मात्र त्यांच्या विकेट्स कुणी मोजल्याच नव्हत्या.