देवत्वाविना राजपद

प्राचीन चीनचा सम्राट स्वर्गपुत्र म्हणविला जाई. इजिप्तचा फॅरो तर साक्षात देवच. आपल्या इंदिरानगरजवळच्या पांडवलेण्यांतील शिलालेख निराळी साक्ष देतात. सातवाहन नृपती गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा उच्छेद केला आणि नहपानाच्या नाण्यांवर आपला ठसा उमटविला. १९०६ साली जोगळटेंभीस अशी हजारो नाणी सापडली. पुत्रामागे माता गौतमी बलश्रीने कोरविलेल्या प्रशस्तीत तो पराक्रमाने केशव-अर्जुनांसमान आहे, देव नव्हे. करआकारणी धर्मास अनुसरून होती, हेही तिने नोंदविले; अर्थशास्त्राच्या अध्यापकास हीच नोंद मोलाची. भिक्षूंना दान दिलेले शेत गाव ओस पडल्यामुळे नांगरलेच गेले नाही, तेव्हा २४व्या राज्यवर्षी राजा व राजमाता यांनी नगराच्या शिवेवरील १०० निवर्तने जमीन बदली देवविली.