नागरीदास आणि बनीठनी

किशनगडच्या 'बनीठनी'चे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिले असेल. १९७३ साली टपाल खात्याने त्याचे वीस पैशांचे तिकीट काढले. मामांच्या तिकिटांच्या जुन्या वहीत ते मी प्रथम पाहिले. कमानदार भुवई, कमळाच्या पाकळीसारखा लांबट डोळा, टोकदार नाक! पण ज्या राजाच्या दरबारात हा चेहरा रंगवला गेला, त्या सावंतसिंहाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

त्याचा जन्म १६९९ चा. अजमेरजवळचे किशनगड हे राठोडांचे लहानसे राज्य. घराणे वल्लभ संप्रदायाचे. सावत्र आई बांकावती हिने भागवत ब्रज भाषेत पद्यात उतरवले होते. अशा घरातला मुलगा कवी झाला यात नवल नाही. 'नागरीदास' या नावाने त्याने सत्तरांहून अधिक लहानमोठ्या रचना केल्या.

बांकावतीच्या परिवारात एक गाणारी दासी होती. सावंतसिंहाचे मन तिच्यावर जडले. बनीठनी म्हणजे नटलेली, सजलेली. हे काही आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. तीसुद्धा 'रसिकबिहारी' या नावाने पदे रचीत असे. तिच्या डोळ्यांविषयी पानेच्या पाने लिहिणारे या पदांना एखादी ओळ देतात, हे मला खटकते. दरबारचा चितारी निहालचंद याने राधाकृष्णाची चित्रे काढली. त्यांतील राधेत बनीठनी व कृष्णात राजा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे बनीठनीचे म्हणून जे चित्र आपण ओळखतो, ते हुबेहूब व्यक्तिचित्र नव्हेच.

१७४८ साली वडील राजसिंह वारले तेव्हा सावंतसिंह दिल्लीत होता. बादशहा अहमदशहाने त्याला राजा म्हणून मान्यता दिली, पण इकडे धाकट्या भावाने, बहादुरसिंहाने, गादी बळकावली. भाऊबंदकी काय असते हे आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना सांगायला नको. आमच्याकडे ती बांधावरून होते, तिथे गादीवरून. शेवटी मराठ्यांची मदत घ्यावी लागली. राज्य वाटले गेले : रूपनगर सावंतसिंहाकडे, किशनगड भावाकडे. पण त्याचे मन राज्यावरून उडाले होते. १७५७ मध्ये मुलगा सरदारसिंह याच्या हाती कारभार सोपवून तो बनीठनीसह वृंदावनास गेला आणि १७६४ साली तिथेच वारला.

चित्रे मात्र किशनगड दरबारातच राहिली. पुढे गादी बहादुरसिंहाच्या वंशात चालली, तेव्हा ज्याने भावाला घालवले त्याच्याच वारसांनी भावाची ही दौलत सांभाळली. जवळजवळ पावणेदोनशे वर्षे बाहेर फारसे कोणाला ती ठाऊक नव्हती. १९४३ मध्ये लाहोरचे इंग्रजीचे प्राध्यापक एरिक डिकिन्सन यांनी ती पाहिली. त्यांनी व मुंबईचे कार्ल खंडालावाला यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ ललित कला अकादमीने १९५९ साली काढला, आणि मग बनीठनी जगभर पोहोचली.

मामांच्या वहीतले ते तिकीट मी पुन्हा नीट पाहिले. त्यावर नाव छापले आहे ते राधेचे.