मेंढपाळाविना कळप आणि संत जोसेफ वाझ



लोकांचा सारा भार एकट्याने वाहू नकोस, असा सल्ला मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने दिला. तेव्हा मोशेने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसे नेमली. संत पौल आणि बर्णबा यांनीही नव्या मंडळ्यांत वडील नेमले आणि मगच ते पुढे गेले. पण जिथून सगळेच धर्मगुरू हाकलले गेले, तिथल्या श्रद्धावंतांनी काय करावे? याचे उत्तर आपल्याला संत जोसेफ वाझ यांच्या जीवनात सापडते.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावली येथे झाला. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लिहून दिले. काही वर्षे त्यांनी कानडा प्रांतात सेवा केली. १६८५ साली जुन्या गोव्यातील ओरेटरी या धर्मगुरूंच्या संघात ते सामील झाले. परंतु त्यांचे मन श्रीलंकेकडे ओढ घेत होते. तेथे डचांनी १६५८ साली जाफना जिंकले होते. कॅथलिक उपासनेवर बंदी आली होती आणि लोक वर्षानुवर्षे मिस्साबलिदानाला मुकले होते.

१६८७ साली फादर वाझ मजुराच्या वेषात, जॉन नावाच्या सेवकासह जाफन्याला पोहोचले. प्रवासातच त्यांना हगवणीने गाठले होते. ते मरणाच्या दारात पडलेले असताना एका गरीब बाईने पेज आणून त्यांना जगवले. बरे झाल्यावर ते गळ्यात रोझरी घालून दारोदार भीक मागू लागले. माळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, हे ते न्याहाळत. अशा रीतीने लपलेले श्रद्धावंत एकेक करून सापडले. मग रात्री मिस्सा, पापनिवेदन आणि बाप्तिस्मे सुरू झाले.

१६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले. तेथे पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. कैदेतच ते सिंहली भाषा शिकले. पुढे बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना मोकळीक दिली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच रोग्यांना रानात टाकून पळू लागले. फादर वाझ आणि गोव्याहून आलेले फादर जोसेफ कार्व्हालो यांनी अशा रोग्यांसाठी खोपट्या उभारल्या. त्यांचा धर्म कोणता, हे न विचारता दोघांनी त्यांची शुश्रूषा केली.

एकटा धर्मगुरू साऱ्या बेटाला पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी ठिकठिकाणी प्रापंचिकांतूनच प्रमुख नेमले. हे प्रमुख प्रार्थना चालवीत, मुलांना धर्मशिक्षण देत आणि आजाऱ्यांना धीर देत. पुढे फादर वाझ यांच्यापुढे बिशपपद आले, पण त्यांनी ते नाकारले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे ते प्रभूकडे गेले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. वऱ्हाडातील गावे दूरदूर पसरलेली आहेत. दर रविवारी प्रत्येक गावी फादर पोहोचतीलच असे नाही. इथे अकोल्यात मिस्सा सहज मिळते, म्हणून श्रद्धेचे सारे काम फादरांचेच, असे आपण धरून चालतो. घरातली संध्याकाळची प्रार्थना, मुलांचे धर्मशिक्षण, शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस ही कामे मात्र आपल्याच वाट्याची आहेत. मिस्सा तर धर्मगुरूच अर्पण करू शकतात. पण ते येईपर्यंत श्रद्धेचा दिवा तेवत ठेवणारी माणसे नसती, तर फादर वाझ यांनी दाखवलेली माळ ओळखायलाही कोणी उरले नसते.

या आठवड्यात आपण प्रत्येक जण यातले एक तरी काम हाती घेऊ या.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर.