अमुन देवाची लेक

साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हातशेपसुत नावाची राणी होऊन गेली. नवरा वारला, सावत्र मुलगा लहान. आधी तिने त्याच्या नावाने कारभार पाहिला, मग स्वतःच फॅरो झाली. बाई गादीवर कशी बसणार? तिने देर अल-बहरीच्या देवळात आपली जन्मकथाच कोरून घेतली. बाप खुद्द अमुन देव, ख्नुम देवाने कुंभाराच्या चाकावर घडवलेली! वीसेक वर्षं तिने राज्य केलं. पुंत देशातून गंधरसाची झाडं मुळांसकट जहाजाने आणवली. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याच सावत्र मुलाच्या राज्यात तिचं नाव छिन्नीने खरवडलं गेलं. देऊळ मात्र उभं राहिलं, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहे.