युडोशिया : होमरच्या शब्दांतील ख्रिस्तचरित्र

एलिया युडोशिया (सुमारे ४०० – ४६०) ही पूर्व रोमन साम्राज्याची सम्राज्ञी आणि ग्रीक भाषेतील ख्रिस्ती कवयित्री होय. तिचे मूळ नाव अथेनाइस. पिता लिऑन्टिअस वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक असल्याने अभिजात वाङ्मयाचे संस्कार तिला घरातच लाभले. बाप्तिस्मा घेऊन तिने ४२१ मध्ये सम्राट दुसरा थिओडोसिअस याच्याशी विवाह केला.

होमरची काव्यपरंपरा आणि बायबल यांचा संबंध तिच्यापूर्वीच जुळला होता. ज्यू धर्मकथेतील शेखेम नगराचा वृत्तान्त थिओडोटस या कवीने होमरच्याच षड्गणी वृत्तात रचला होता. पुढे ३६२ मध्ये सम्राट ज्युलियनने ख्रिस्ती शिक्षकांना अभिजात ग्रंथांच्या अध्यापनापासून दूर ठेवले, तेव्हा हा वारसा नेमका कोणाचा, हा प्रश्न तीव्र झाला.

युडोशियाची होमरी ‘सेन्टो’ रचना या प्रश्नाला काव्यरूप उत्तर देते. ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ यांतील ओळी वेचून, त्यांची नवी गुंफण करून तीत ख्रिस्तचरित्र सांगितले आहे. होमरच्या काव्यात येशू वा मारिया ही नावेच नसल्याने पात्रांचा निर्देश विशेषणांनी आणि वर्णनांनी करावा लागतो. पुत्रशोक करणाऱ्या मारियेच्या मुखी महाकाव्यातील शोकाकुल स्त्रियांचे शब्द येतात; त्यामुळे जाणकार वाचकाला एकाच ओळीत दोन कथा ऐकू येतात. या रचनेचा आरंभ पॅट्रिशिअस नावाच्या बिशपने केला होता. त्याचे श्रेय युडोशियाने पद्य प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले, त्याचबरोबर त्यातील उणिवा दाखवून आपण केलेल्या संस्करणाचे समर्थनही केले.

सम्राटाशी वितुष्ट आल्यानंतर, ४४० नंतरच्या काही वर्षांत तिने राजधानी कायमची सोडली. उर्वरित आयुष्य जेरुसलेममध्ये घालवून ४६० मध्ये ती तेथेच निवर्तली.

मराठीच्या अभ्यासकास येथे फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चे (१६१६) स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट स्वीकारून ओव्या स्वतः रचल्या. युडोशियाने ओळीही होमरच्याच ठेवल्या. म्हणूनच तिच्या काव्याला केवळ उसनवारी ठरविणे सोपे असले, तरी ते न्याय्य नाही. तिची प्रतिभा ओळींच्या निवडीत, अनुक्रमात आणि त्यांतून पालटणाऱ्या अर्थात शोधावी लागते.