त्र्यंबकेश्वराचा हिरा आणि दुसरे बाजीराव

प्रतिनिधी, भाईंदर (पूर्व)

भाईंदर स्थानक सोडून विरारकडे निघालेली लोकल खाडीवरच्या पुलावर येते आणि पलीकडे वसईचा मुलूख सुरू होतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी चिमाजी आप्पांच्या थोरल्या भावाच्या नातवाने इंग्रजांशी तह करून मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले, ही आठवण सहसा कोणी काढत नाही. हा नातू म्हणजे शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव. त्यांची पेशवाई संपली त्याच वर्षी नाशिकचा एक विख्यात हिरा इंग्रजांच्या हाती पडला. 'नासक' या नावाने तो पुढे जगभर ओळखला गेला.

हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा होता आणि तो शिवाच्या मूर्तीचा डोळा होता, असे पाश्चात्त्य लेखकांनी वारंवार लिहिले आहे. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा. तेव्हा कथा नावाला शोभणारी खरीच. पण त्र्यंबकेश्वरी जाऊन आलेल्या कोणालाही ती खटकावी. तेथे डोळे असलेली मूर्ती नाही. पिंडीच्या जागी खळगा असून त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. देवाच्या अलंकारात, मुकुटात हिरा असणे शक्य आहे. डोळ्यात असणे अवघड. श्रीरंगमच्या मूर्तीचा डोळा चोरून नेल्याची अशीच कथा रशियाच्या ऑर्लोव्ह हिऱ्याबद्दल सांगितली जाते आणि होप हिऱ्याबद्दलही. १८६८ साली विल्की कॉलिन्स यांची 'मूनस्टोन' ही कादंबरी आल्यानंतर तर हिंदुस्थानातील प्रत्येक मोठ्या रत्नामागे एक लुबाडलेला देव आणि एक शाप असलाच पाहिजे, असा युरोपीय वाचकांचा समज झाला.

बाजीरावांचे आयुष्य अशा समजुतीला पोषक होते, हे मात्र मान्य करावे लागते. १० जानेवारी १७७५ रोजी धार येथे त्यांचा जन्म झाला तोच वडिलांच्या वनवासात. जन्माच्या दीड वर्ष आधी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता आणि त्याचा ठपका राघोबादादांवर होता. दादांच्या निधनानंतर बाजीरावांचे बालपण व तारुण्य कोपरगाव, नाशिकजवळचे आनंदवल्ली आणि जुन्नर येथे नाना फडणवीसांच्या नजरकैदेत गेले. या मुलाने शास्त्रे, पुराणे आणि व्रतवैकल्ये मन लावून आत्मसात केली. राज्यकारभार शिकण्याची संधी त्याला कोणी दिलीच नाही. १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि वर्षभराच्या कारस्थानांनंतर, डिसेंबर १७९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी बाजीराव पेशवे झाले.

नारायणरावांचे पिशाच आपल्या घराण्याच्या मागे लागले आहे, अशी भीती त्यांना आयुष्यभर होती, असे सांगतात. त्याच्या शांतीसाठी त्यांनी पुण्याभोवती आंब्याची असंख्य झाडे लावल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पर्वतीच्या रमण्यातील श्रावणमासाची दक्षिणा, ब्राह्मणभोजने, अनुष्ठाने आणि मुहूर्त यांत त्यांचा वेळ आणि पैसा जात असे.

त्या काळच्या माणसाला रत्न हा केवळ दागिना वाटत नव्हता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेची प्रकरणे आहेत. शुभ लक्षणांचे रत्न राजाला कल्याणकारक आणि सदोष रत्न अनिष्टकारक, हा त्यामागचा विचार. हिऱ्यात कावळ्याच्या पायासारखी खूण, म्हणजे काकपद दिसले, तर तो हिरा मालकाचा प्राण घेतो असे रत्नशास्त्र सांगत असे. हिरा शुक्राचा, माणिक सूर्याचे, पाचू बुधाचा, नीलम शनीचा. हिरकणी गिळली की मृत्यू ठरलेला, ही समजूतही घरोघरी होती. या समजुती पेशवाईबरोबर संपल्या नाहीत. नीलम अंगठीत जडवण्याआधी तो तीन रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने कशी पडतात हे पाहणारी माणसे अजूनही आहेत.

मात्र बाजीरावांचे राज्य कोणत्या ग्रहाने बुडवले, हे शोधायला पत्रिका लागत नाही. एप्रिल १८०१ मध्ये त्यांनी विठोजी होळकरांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. याचा जाब विचारायला भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत त्यांनी शिंदे व पेशव्यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असे पळत अखेर समुद्रमार्गे वसईस पोहोचले. तेथे झालेल्या तहाने इंग्रजांची सहा पलटणींची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची आली आणि तिच्या खर्चासाठी सालिना २६ लाखांचा मुलूख गेला. परराज्यांशी बोलणी करण्याचा हक्कही उरला नाही. मे १८०३ मध्ये इंग्रज संगिनींच्या पहाऱ्यात पेशवे पुन्हा गादीवर बसले.

पुढची पंधरा वर्षे या चुकीची किंमत मोजण्यात गेली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे पडले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला बापू गोखले धारातीर्थी पडले. जूनच्या आरंभी बाजीराव असीरगडाच्या परिसरात जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. सालिना आठ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन त्यांनी कानपूरजवळ ब्रह्मावर्त, म्हणजेच बिठूर येथे राहावे असे ठरले.

नासक हिरा याच धामधुमीत दख्खनच्या लुटीत गेला आणि गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जमार्फत लंडनला पोहोचला. या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज सेनानींमध्येच पुढे अनेक वर्षे वाद चालला, हे येथे नमूद करायला हवे. सुमारे ९० कॅरटचा हा हिरा लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या राजजवाहिऱ्यांनी अवघ्या तीन हजार पौंडांना घेतला. हिंदुस्थानी कारागिराने वजन राखण्यासाठी पैलू बेताने पाडले होते. युरोपला वजनापेक्षा झळाळी हवी होती, म्हणून पुन्हा पैलू पाडून तो ८० कॅरटवर आणला गेला. १८३७ च्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो विकत घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला.

तिकडे बिठूरला बाजीरावांची स्नाने, दाने आणि अनुष्ठाने अखंड चालू होती. अनेक विवाह होऊनही वारस जगला नाही. १८२७ मध्ये त्यांनी धोंडोपंतांना दत्तक घेतले. तेच १८५७ चे नानासाहेब. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले. राज्य गेल्यावर ते ३२ वर्षे जगले, म्हणजे राज्यावर होते त्याहून अधिक. डलहौसीने निवृत्तिवेतन बंद केले. १८५७ च्या उठावात बिठूरचा वाडा इंग्रजांनी उद्ध्वस्त केला आणि डिसेंबरात विहिरी उपसून पेशव्यांची सोन्या-चांदीची भांडी बाहेर काढली. घराण्याचा नौलखा हार नेपाळच्या जंगबहादूर राणांकडे आणि तेथून पुढे दरभंग्याच्या महाराजांकडे गेला, असे सांगितले जाते.

नासक हिऱ्याचा प्रवास मात्र थांबला नाही. विसाव्या शतकात तो अमेरिकेत आणला गेला तेव्हा जकातीवरून न्यायालयात वाद झाला. ही कलात्मक पुराणवस्तू असल्याने जकात लागू नये, असे आयात करणाऱ्यांचे म्हणणे होते. अपिलात ते टिकले नाही. दागिन्यात बसवण्याजोगा, पैलू पाडलेला सुटा हिरा, एवढीच त्याची कायदेशीर ओळख ठरली. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने त्याचा मूळ तिकोनी घाटही मोडला आणि तो चौकोनी पैलूंचा, ४३.३८ कॅरटचा केला. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात मालवाहतुकीच्या व्यवसायातील एका गृहस्थाने तो पाच लाख डॉलरना विकत घेतला.