शार्ल लुई आल्फाँस लाव्हराँ

शार्ल लुई आल्फाँस लाव्हराँ (१८ जून १८४५ – १८ मे १९२२) हे फ्रेंच लष्करी वैद्य व परजीवीशास्त्रज्ञ होते. हिवताप दूषित हवेमुळे नव्हे, तर रक्तात वाढणाऱ्या एका आदिजीवामुळे होतो, हे त्यांनी प्रथम दाखवून दिले. आदिजीवजन्य रोगांवरील कार्यासाठी त्यांना १९०७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

लाव्हराँ यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. वडीलही लष्करी वैद्य असल्याने त्यांच्या बालपणाचा काही काळ अल्जीरियात गेला. स्ट्रासबूर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते सैन्यात दाखल झाले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते मेट्झच्या वेढ्यात सापडले होते. १८७४ मध्ये व्हाल-द-ग्रास येथील लष्करी वैद्यक विद्यालयात, पूर्वी वडिलांनी भूषविलेल्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. १८७८ मध्ये त्यांची बदली अल्जीरियात झाली.

रंगद्रव्य व परजीवीचा शोध

हिवतापाने मृत्यू आलेल्यांची प्लीहा व यकृत काळपट पडतात आणि त्यांच्या रक्तात काळ्या रंगद्रव्याचे कण आढळतात, हे १८४० च्या दशकापासूनच ज्ञात होते. हे कण येतात कोठून, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. लाव्हराँ यांनी तोच धरला. रुग्णांच्या ताज्या, न रंगविलेल्या रक्तात त्यांना कण गिळलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या. त्यांखेरीज गोल व चंद्रकोरीच्या आकाराचे काही रंगद्रव्ययुक्त पिंडही दिसले. हे पिंड पांढऱ्या पेशींसारखे नव्हते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टँटिन येथील लष्करी रुग्णालयात अशाच एका गोल पिंडाच्या कडेला वेगाने वळवळणारे तंतू त्यांनी पाहिले आणि पिंड सजीव असल्याविषयी त्यांना शंका उरली नाही. वाळवलेल्या व रंगविलेल्या रक्तात ही हालचाल दिसणे शक्यच नव्हते. त्यांनी तपासलेल्या १९२ रुग्णांपैकी १४८ जणांच्या रक्तात हे परजीवी सापडले. क्विनीन दिल्यावर ते नाहीसे होत.

हा शोध सहजासहजी मान्य झाला नाही. एडविन क्लेब्स व कोराडो तोमासी-क्रुदेली यांनी १८७९ मध्ये हिवतापाचा जिवाणू सापडल्याचा दावा केला होता, तर इतर काहींना लाव्हराँ यांचे पिंड म्हणजे झिजलेल्या तांबड्या पेशीच वाटत. १८८२ मध्ये त्यांनी रोमला जाऊन तेथील रुग्णांच्या रक्तातही तेच परजीवी शोधून काढले.

ज्या कणांपासून त्यांनी सुरुवात केली, त्यांचे महत्त्व पुढे आणखी वाढले. परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन पचवतो. त्यातून उरणारे विषारी हीम तो स्फटिकरूपात साठवतो. हेच रंगद्रव्य, म्हणजे हिमोझोइन. पेशी फुटली की हे स्फटिक रक्तात येतात व भक्षक पेशी ते गिळतात; परंतु त्यांना ते पचत नाहीत. स्फटिकांनी भरलेल्या भक्षक पेशींची पुन्हा भक्षण करण्याची क्षमता खालावते. गंभीर आजारात रंगद्रव्ययुक्त पांढऱ्या पेशींचे प्रमाण अधिक आढळते.

उत्तरकाल

हिवतापाच्या प्रसारात डासांचा हात असावा, असे लाव्हराँ यांनी १८८४ मध्येच सुचविले होते. डासाच्या शरीरातील परजीवी रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे पाहिला. लाव्हराँ यांनी १८९६ मध्ये सैन्य सोडले व पॅरिसच्या पाश्चर संस्थेत संशोधन सुरू केले. नोबेल पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी तेथील उष्णकटिबंधीय रोगांच्या प्रयोगशाळेस दिली. पॅरिस येथेच त्यांचे निधन झाले.